धनवडे शेठ पंगतीला बसले

आमच्या गल्लीने बर्गर-पिझ्झा सोडला आणि दर रविवारी सगळ्या घरांनी एकत्र जेवायचं ठरवलं. माझी लेक शरयू दोन वर्षं मोबाईल बघत एकटीच खायची, ती आता चौघांत बसू लागली. पण हे टिकेल का, म्हणून माझा जीव खालीवर.

तिसऱ्याच रविवारी बर्गरवाले धनवडे शेठ आले. म्हणाले, "मी दहा मिनिटांत खायला देतो. तुम्ही तीन तास चुलीपुढे घालवता. माझ्यापेक्षा जास्त काय देता ते सांगा, नाहीतर उद्यापासून पोरांना बर्गर फुकट!"

पोरांचे डोळे चमकले.

पंगतीची चूल सांभाळणाऱ्या हौसाकाकी म्हणाल्या, "आधी जेवा, मग सांगते."

शेठ जेवून उठायला लागले, तर काकींनी थालीपीठ वाढलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला, तर शेजारणीने बाजूने पिठलं वाढलं.

"अहो, पुरे! उठू द्या मला!"

"शेठ, तुमच्याकडे खाणं संपलं की माणसाला उठवतात," काकी म्हणाल्या. "आमच्याकडे पोट भरलं तरी उठू देत नाहीत. एवढंच जास्त देतो."

मी काकींकडे बघतच राहिले. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! शेठ हसले आणि पुन्हा मांडी घालून बसले. तेवढ्यात शरयू ताकाचा तांब्या घेऊन त्यांच्यापुढे वाकली, "काका, माझ्या हातचं थोडं घ्याच."