प्रस्थानाला ठेवलेले तुणतुणे

सह्याद्रीच्या माथ्यावर, कोकणात उतरणाऱ्या कड्यांच्या अलीकडे, सावरवणे नावाचे लहानसे गाव आहे. एका श्रावणात मौजनाथ महाराज तेथल्या महादेवाच्या देवळात उतरले. खांद्यावर घोंगडी, हातात तुणतुणे, तोंडात नाम, एवढाच त्यांचा संसार. उद्या कोठे जायचे हे त्यांना आज ठाऊक नसे आणि त्याची फिकीरही नसे. वाटेला फाटा फुटला की ज्या अंगाला पाखरू बोलेल ते अंग धरायचे आणि गात चालू लागायचे. असे बिनघोर गाणे गावाने कधी ऐकले नव्हते.

त्या गाण्याने सगळ्यांत वेडी झाली ती साळूबाई गुरवीण. देवाला बेल आणि गावाला पत्रावळी पुरवणे ही तिची सेवा. नवरा गेल्यापासून घर, बेलाची राई आणि देऊळ यांपलीकडे तिने पाऊल टाकले नव्हते. जिवाला सदा धाकधूक. एकदा धीर करून तिने विचारले, "महाराज, तुमच्यावानी बिनघोर कसं व्हावं?"

महाराज हसले. म्हणाले, "साळूबाई, रोज एक वाट अशी धरा, जिच्यावर तुमचं पाऊल कधी पडलं नाही. लांब जायला नको. कुंपणापलीकडे गेलात तरी पुष्कळ झालं. मात्र गात जायचं."

पहिल्या दिवशी बाई विहिरीमागच्या बांधावर गेली आणि घाबरून परत आली. चौथ्या दिवशी तिला ओढ्याकाठी रानमोगरा सापडला. महिनाभरात ती पश्चिमेच्या सड्यापर्यंत पोचली. तो उघडा कातळ, त्याच्या टोकाला तुटलेला कडा. तिकडे गुरेसुद्धा कोणी नेत नसे. तेथे एकटीच उभी असताना तिला आपले हसू ऐकू आले आणि तीच दचकली. किती वर्षांनी हसली होती बिचारी!

हे गावच्या अंतोबा जोशांना खपले नाही. सावरवण्यात जोशांना विचारल्यावाचून कोणी उंबरा ओलांडत नसे. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, शुक्रवारी पश्चिमेला. ज्या वारी जी दिशा वर्ज्य, तिकडे जायचे नाही म्हणजे नाही. आणि ही बाई वार न विचारता गात फिरते! भरल्या देवळात ते म्हणाले, "साळू, रानोमाळ भटकणारीच्या हातचा बेल देवाला नको. सोमवारपासून आम्ही दुसरी व्यवस्था बघतो."

ती सेवा गेली तर जगायचे कशासाठी? साळूबाईने महाराजांकडे पाहिले. महाराज तुणतुण्याची खुंटी पिळत होते.

बुधवारी महाराजांनी सांगितले, उद्या दक्षिणेला निघू. जोशी कुत्सितपणे हसले. उद्या गुरुवार, निदान प्रस्थान तरी ठेवा, म्हणाले. वर्ज्य दिशेला जाणे भागच असेल तर आपली एखादी वस्तू आदल्या दिवशी त्या अंगाच्या घरात नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस आधीच निघाला असे धरतात. महाराजांनी तुणतुणेच पुढे केले. गावाच्या दक्षिण टोकाचे घर जोशांचेच. त्यांनी ते खुंटीला टांगले आणि गावाची एक दिवस तरी कटकट मिटली असे जाता जाता सुनावले.

गुरुवार उजाडला, पण महाराज निघाले नाहीत. टाळ्या वाजवत देवळात भजन करीत बसले. इकडे जोशांनाच दक्षिणेच्या देवघरवाडीहून शांतीसाठी अचानक बोलावणे आले. प्रस्थान ठेवायला वेळ नव्हता. म्हणून त्यांनी युक्ती काढली: आधी पश्चिमेला जायचे, सड्याला वळसा घालून वाडीत शिरायचे, म्हणजे दक्षिणेला तोंड करून घर सोडल्याचा दोष लागत नाही. बायको माहेरी होती. दाराला कुलूप लावले, किल्ली जानव्याला बांधली आणि ते निघाले.

दुपारी वाडीचा माणूस सरळ वाटेने विचारत आला, जोशीबुवा अजून कसे नाहीत? सारे गाव देवळात गोळा झाले. सकाळी जोशांना सड्याकडे वळताना लोकांनी पाहिले होते; तेथे आता धुके उतरले होते, हाताला हात दिसत नव्हता, आणि तिकडची वाट कोणालाच ठाऊक नव्हती.

एकीला ठाऊक होती. ज्याने आपली सेवा काढली त्याच्यासाठी जीव धोक्यात घालायचा, हा विचार साळूबाईच्या मनात आला नाही असे कसे म्हणावे? तेवढ्यात महाराज म्हणाले, "साळूबाई, आजची नवी वाट राहिलीय ना? धुक्यातला सडा अजून पाहिला नाहीत."

ती उठली.

सड्यावर पाऊल ठेवताच सगळे पांढरे झाले. गायला तोंड उघडले तर आवाजच फुटेना. आणि पुढे, थोड्याच अंतरावर, तुणतुणे वाजू लागले. महाराज आपल्याआधी पोचले, असे तिला वाटले. तिच्या जिवात जीव आला. सुरात सूर मिळवून ती गात निघाली. सूर डावीकडे वळला की ती वळे, थांबला की थांबे.

शेवटी अंतोबा दिसले. कड्याच्या अगदी टोकाशी ते कातळाला धरून बसले होते. पुढचे पाऊल टाकणार तोच मागून तुणतुणे वाजले, म्हणून थबकलो, एवढेच कसेबसे त्यांच्या तोंडून निघाले. साळूबाईच्या पायाखालचा खडा घरंगळून खाली गेला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. तिने जोशांचा हात घट्ट धरला आणि गातच त्यांना गावात आणले.

देवळात महाराज तसेच टाळ्या वाजवत बसले होते. सकाळपासून जागचे हलले नाहीत, असे सारे गाव सांगू लागले. जोशांच्या डोळ्यांपुढे एकदम घरची खुंटी आली. ते तडक घरी गेले, जानव्याची किल्ली सोडून कुलूप उघडले. तुणतुणे जागच्या जागी होते. पण ते चिंब भिजले होते, खाली जमिनीवर ओल उतरली होती, आणि तारेत सड्यावरच्या करवंदीची काटेरी डहाळी अडकली होती.

ते छातीशी धरून जोशी देवळात आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवले. म्हणाले, "प्रस्थान तुम्हीच ठेवून घेतलंत, ते आमच्याआधी निघालं. त्यात आमचं काय? वाट चालल्या त्या साळूबाई."

जोशी वळले. साळूबाईने लाजून पाय लुगड्यात ओढून घेतले. जोशी म्हणाले, "साळूबाई, सोमवारचा बेल तुमच्याच हातचा. आणि उद्या कुठल्या वाटेनं जाणार? मलाही न्या."

"पश्चिमेला जाईन म्हणते, जोशीकाका," ती हळूच म्हणाली. "पर उद्या शुक्रवार हाय."

"असू दे," जोशी म्हणाले, आणि साऱ्या गावादेखत त्यांनी तिच्यापुढे माथा टेकला.