आवडाबाईचं बिनछपराचं घर

बोरखणीला जाताना गावाच्या थोडं अलीकडे, उजव्या हाताला एक मुरमाड माळ लागतो. त्या माळावर काळ्या दगडाच्या चार भिंती उभ्या आहेत. जोतं आहे, आत दोन कोनाडे आहेत, दारावर आडवी बसवलेली दगडी पट्टी अजून शाबूत आहे. छप्पर तेवढं नाही. पाहुण्यांना वाटतं, पडलं असेल. गावातले रंगनाथ तात्या आल्यागेल्याला माळ दाखवतात. ते अशा वेळी भिंतीच्या माथ्याकडे बोट करतात. तुळया टेकवायला ठेवलेल्या खाचा तिथं दिसतात, पण लाकूड टेकल्याची खूण एकाही खाचेत नाही. छप्पर पडलेलं नाही, तात्या सांगतात. ते कधी घातलंच नव्हतं.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. तेव्हा बोरखणी खाली ओढ्याकाठी होती. एका पुरात सगळं गाव वाहून गेलं आणि उरलेली माणसं इथं उंचावर आली. घरं पुन्हा बांधायची होती. येसाजी पाटलानं लांबून बेलदारांचं एक कुटुंब आणवलं. धर्मा बेलदार, त्याची बायको आवडा आणि लेक तानी. धर्मा दगड घडवायचा आणि भिंत रचायचा. आवडा पायानं चिखल तुडवायची, पाट्या वाहायची, माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पांढरी माती चोपायची. मोठ्या दगडांच्या मधल्या फटींत बसवायच्या बारीक चिपा तानी वेचून आणायची. तिला नेमकी चीप सापडायची. धर्मा हात मागं करायचा आणि ती त्याच्या तळव्यावर हवी तशी चीप ठेवायची.

एकेक घर उभं राहिलं. गावाचा रिवाज तेव्हा सगळीकडचाच होता. वास्तुशांत झाली, घरधनी आत शिरला, की बांधणाऱ्यानं उंबरठ्याबाहेर राहायचं. ज्या भिंतीला हात लावून लावून तळवे फाटले, तिच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बेलदार माळावर पालात राहत. पाल म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं जुनं कापड. पाटलानं धर्माला शब्द दिला होता की गावातलं शेवटचं घर झालं की माळावरची जागा तुझी. भिंती तू रच, छपराचं लाकूड गाव देईल. बेलदारानं एका जागी राहायचं, हे धर्माच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. आवडा संध्याकाळी माळावर हिंडून चूल कुठं येईल ते बघायची.

पाटील वाईट माणूस नव्हता, हे तात्या आवर्जून सांगतात. सगळ्या गावाला निवारा मिळेपर्यंत त्यानं स्वतःचं घर बांधायला घेतलं नाही. तोवर बायकामुलांसकट तो खोपीत राहिला. त्याचं घर सर्वांत शेवटी झालं. तुळया चढल्या, त्यांवर आडव्या फळ्या बसल्या, पाला अंथरला, वर मातीचा जाड थर पडला. भिंतींना आतून लिंपणाचा अखेरचा हात द्यायचा बाकी होता. मुहूर्त काढून झाला होता.

त्याच दिवसांत झड लागली आणि झडीबरोबर पटकीची साथ आली. आधी तानी आडवी झाली, मग धर्मा. पालाचं कापड गळत होतं. खाली चिखल, वर पाणी. आवडानं दोघांच्या अंगावर होतं ते सगळं घातलं, तेही भिजलं. दिवस कलला तशी ती उठली आणि पाटलाच्या खोपीसमोर जाऊन उभी राहिली. नवं घर समोरच होतं, बंद आणि कोरडं.

तिनं मागितलं ते फार नव्हतं. दोन तुळयांच्या मधल्या जागेला इकडे खण म्हणतात. दोन माणसं निजतील एवढा एक खण तिला हवा होता.

"पाटील, एक खण द्या," ती म्हणाली. "पोरीला पाऊस लागतोय."

पाटलानं बंद घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आवडे, वास्तुशांत व्हायचीय अजून. त्याच्या आधी दुखणं आत कसं घ्यावं? पाऊस उघडला की बघू."

खोपीच्या आत पाटलाची बायको गोदाबाई चुलीपाशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं. ती उठली नाही.

आवडा परत आली. पाऊस उघडला नाही. आधी लेक गेली, नंतर नवरा. उजाडल्यावर गावातल्या चार माणसांनी ओल्या मातीत खड्डे घेतले. आवडा शेजारी उभी होती. कुणी तिच्या हातात भाकरी दिली. दिवस मावळला तरी ती भाकरी तशीच तिच्या हातात होती म्हणतात. खायची नाही असं तिनं ठरवलं नव्हतं, टाकायची असंही नाही. हातात काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. पाटलाच्या घराचं लिंपण बाकी होतं, ते तिनं करायला घेतलं. माणसं दारातून बघत राहिली. तिच्या पायात काच घुसली होती, तुडवलेल्या चिखलात रक्त दिसत होतं. कुणीतरी सांगितलं तेव्हा तिनं पाय उचलून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, आणि पुन्हा खाली टेकला. बायकांना वाटलं ही आता रडेल, मग वाटलं शाप देईल. तिनं यातलं काहीच केलं नाही. भिंती गुळगुळीत झाल्यावर ती हात धुऊन माळावर निघून गेली.

पाटलानं शब्द पाळला. माळावरची जागा तिच्या नावानं सोडली. आणि आवडानं एकटीनं पाया खणायला सुरुवात केली. मदतीला गेलेल्यांना तिनं नको म्हटलं नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही, म्हणून ती माणसं आपसूक परत आली. धर्माचा ओळंबा तिच्याकडे होता. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला दोरीला बांधलेलं वजन सोडतात, तो ओळंबा. आवडा तो सोडायची आणि हलायचा थांबेपर्यंत बघत बसायची. थांबल्यावरही बघत बसायची. मग पुढचा दगड. चिपा तिच्या तिलाच वेचाव्या लागत.

भिंती पुऱ्या झाल्या तेव्हा पाटलानं चांगल्या जाड तुळया गाडीत घालून पाठवल्या. गाडीवान त्या उतरवून गेला. आवडानं त्यांना हात लावला नाही. भिंतींच्या आत तिनं आपलं तेच गळकं पाल ताणलं आणि त्याखाली राहू लागली.

इकडे पाटलाच्या नव्या घराचा पहिला मुहूर्त गावातल्या मयतीपायी टळला होता. दुसरा जवळ आला आणि गोदाबाई अडून बसली. त्या घरात पाऊल टाकणार नाही, म्हणाली. पाटलानं समजावलं, भटजींनी समजावलं. ती कारण सांगेना. शेवटी एके सकाळी ती एकटीच माळावर गेली. आवडाच्या दाराला फळी नव्हती, अडसर नव्हता. गोदाबाई तरीही उंबरठ्याबाहेर थांबली.

"आवडाबाई, आत येऊ का?"

आवडानं वर पाहिलं. पाटलीणबाईनं तिला कधी आवडाबाई म्हटलं नव्हतं. आवडानं मान हलवली. गोदाबाई आत जाऊन जमिनीवर बसली. वर उघडं आभाळ होतं. मग गोदाबाईनं तुळयांचं विचारलं. गाव छप्पर घालून देईल, तू नुसतं हो म्हण.

आवडा म्हणाली, "ज्यांच्यावर छप्पर घालायचं ते भिजतच गेले. आता कुणावर घालू?"

तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही. गोदाबाईला त्याचंच भय वाटलं, असं सांगतात. तिनं पदर नीट केला आणि आवडाचा हात धरला. म्हणाली, माझ्या घरात आधी तू चूल पेटव. आधी तू नीज. तू बाहेर येऊन सांगशील तेव्हा आम्ही आत जाऊ, नाहीतर ते घर तसंच राहू दे.

आवडा गेली. जावं की जाऊ नये असा विचार तिनं केला नाही; हात धरून नेलं, म्हणून गेली. त्या घरात तिनं चूल पेटवली, आपल्यापुरती भाकरी भाजली आणि खाल्ली. त्या दिवसांत तिनं जेवल्याचं सांगण्यात येतं ते एवढंच. रात्री पाऊस झाला. पाटील, गोदाबाई आणि सगळं घर खोपीत होतं.

सकाळी अंगणात गाव जमलं. दार उघडून आवडा उंबरठ्यावर आली. पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं होतं. बायकोनं विचारलं होतं तेच त्यानं विचारलं. आपल्या मालकीच्या घराबाहेर उभं राहून, सगळ्या गावादेखत.

"आत येऊ का?"

आवडा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घर कोरडं आहे."

एवढंच बोलून ती पायऱ्या उतरली आणि माळाकडे चालू लागली. ती कधी रडली का, असं पाहुणे विचारतात. तात्या म्हणतात, तसं कुणी सांगत नाही. ती पुढं बरीच वर्षं जगली, गावातल्या कितीतरी घरांच्या भिंती तिच्या हातच्या आहेत, आणि पाटलाच्या तुळया माळावर पडून पडून वाळवीनं खाल्ल्या.

बोरखणीत आता माळवदं उरली नाहीत. विटा, सिमेंट, सळया आणि स्लॅबची घरं आली, नकाशे तालुक्याहून होऊन येतात. कामावरचे मिस्त्री कुठून कुठून येतात, काहींना मराठी समजत नाही. पण आजही नवं घर झालं की पूजेच्या आधी मिस्त्रीचं बिऱ्हाड आत जातं. त्याची बायको ओट्यावर पहिला स्वयंपाक करते, मुलं नव्या फरशीवर निजतात. सकाळी घराचा मालक चपला काढून आपल्याच दारात उभा राहतो आणि विचारतो. बाईला उत्तर आदल्या दिवशी शिकवून ठेवलेलं असतं. मे महिना असो, महिनोन्महिने पावसाचा थेंब नसो, ती तेच म्हणते. तिनं म्हटल्याखेरीज कुणी आत जात नाही.