महावडाची शीव

शके १८९४, माघ वद्य पंचमी. थंडी ओसरत होती आणि माळावरचा मोठा वड फळांनी लाल झाला होता. मुलांनो, दिवस नीट लक्षात ठेवा. त्याच दिवशी तिथे एक अन्याय झाला. त्या वडावर वानरे राहत असत. बुंध्याजवळचा डोह त्यांचाच होता. अर्ध्या कोसावर खडकांत सशांची वस्ती होती. तिथे एक झरा होता, लहानसा, पण बारमाही. वडाची फळे पडू लागली की ससे रोज तिकडे जात, पोटभर खात आणि सांजेला घरी परतत. एवढाच त्यांचा वडाशी संबंध.

वानरांच्या नाईकाला वाटले, आपला वड एवढा मोठा, तर शीवही मोठी हवी. त्याने ती आखायला कोल्ह्याला नेमले. कोल्ह्याने नियम केला, "ज्या वस्तीतले निम्म्याहून जास्त जण रोज वडाखाली येतात, ती वस्ती आजपासून महावडात." महावड हे नावही त्यानेच पाडले. मग तो वाटेवर बसला, एक दिवस ससे मोजले आणि खडकांच्या पलीकडून नखाने रेघ ओढली.

वस्तीतली म्हातारी सशीण संतापली. "कोल्होबा, फळं आहेत तोवरच येतो आम्ही. आषाढात येऊन मोजा की!"

"मोजणी एकदाच होते, म्हातारे," कोल्हा म्हणाला. "आनंद मान. काल रानटी होतीस, आज महावडकर झालीस."

दुसऱ्या दिवशी वानरे झऱ्यावर आली. महावडातले पाणी महावडाचे, असे म्हणत ती पाणी पीत, अंगावर उडवत आणि चिखल तेवढा सशांना ठेवत. असे रोज चालू राहिले. पिल्लांचे घसे कोरडे पडले, तेव्हा सशीण डोहावर गेली. "आम्हीही महावडातलेच ना? मग पिल्लांना घोटभर द्या."

कोल्ह्याने तिला अडवले. "झऱ्यासाठी तुम्ही आमच्या गटात. डोहाचा गट निराळा. त्यात फक्त फांदीवर झोपणारे."

"चढ की वर, आजीबाई!" नाईक वरून खिदळला.

घेताना आत आणि देताना बाहेर! याला मी आखणी म्हणत नाही. ही चोरी आहे.

सशीण वस्तीत परतली आणि म्हणाली, "उद्यापासून वडाखाली कोणी जायचं नाही."

"मग खायचं काय?" एका सशाने विचारले.

"बोरीची साल. कडू लागेल. खा."

ससे गेले नाहीत. पडलेली फळे तिथेच कुजली. त्यांवर मुंगळे आले आणि बुंध्यावरून फांद्यांवर चढले. वानरांच्या पिल्लांना ते चावू लागले. नाईक कोल्ह्यावर खेकसला, "ससे आपले ना? मग येत का नाहीत? जा, पुन्हा मोज!" कोल्हा तीन दिवस वाटेवर बसला. एकही ससा दिसला नाही. शेवटी, वानरे झऱ्यावर येऊ लागल्यापासून बाविसाव्या दिवशी, नाईक स्वतः अंग खाजवत खडकांपाशी आला. कोल्हा मागे होता.

"चला की, आजीबाई. वड काय, सगळ्यांचाच आहे."

"निम्मे सोडा, आमच्यातला एकही जण तुमच्याकडे येत नाही," सशीण म्हणाली. "तुमच्याच नियमानं आम्ही बाहेर. आधी रेघ पुसा. मग बावीस दिवसांचं पाणी फेडा. फळं वेचायला तेव्हा येऊ, आणि तेही पाहुणे म्हणून."

नाईकाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्ह्याने आपल्याच शेपटीने रेघ पुसली. बावीस दिवस ससे डोहावर पाणी प्यायले. तेविसाव्या दिवशी एकही ससा डोहावर गेला नाही.

तात्पर्य : घेण्यापुरते जो तुम्हाला आपले म्हणतो, त्याने आखलेली शीव मानू नका.