तुरुंगात घडलेली पोर

भैरवगडच्या दिवाणांना बायकांसाठी दुसरा तुरुंग बांधायचा होता. मंजुरी मिळावी म्हणून ते महाराजांना जुना तुरुंग दाखवायला घेऊन आले.

"इथे बाई कशीही येवो, सुधारूनच जाते," दिवाण म्हणाले.

समोर सगुणा उभी होती. रोज मारणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यात तिने एकदा वरवंटा घातला, म्हणून ती आत होती. नवरा वाचला, दुसरं लग्न करून मोकळा झाला. त्याला सुधारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

तिची पाच वर्षांची बकुळी तुरुंगातच जन्मली होती. महाराजांनी हाक मारताच पोर दाराशी आली आणि झडतीसाठी तिने आपणहून दोन्ही हात वर केले.

"बघा ही शिस्त!" दिवाण खूश झाले.

सगुणा म्हणाली, "दिवाणसाहेब, मी आले ती बिघडलेली. ही मात्र पहिल्या श्वासापासून तुमच्याच हातची. बाहेरचं वारंही लागलेलं नाही तिला. राज्यात हिच्याइतकं सुधारलेलं माणूस सापडायचं नाही. न्या घरी, तुमच्या नातीबरोबर वाढवा."

"तुरुंगातली पोर? माझ्या घरात?" दिवाण दोन पावलं मागे सरले.

"मग इथे सुधारतं कोण, तेवढं महाराजांना सांगा."

महाराजांनी नव्या तुरुंगाचा कागद फाडला आणि जुन्याचं दारही उघडायला लावलं.

सगुणा पोरीला घेऊन माहेरी पोचली. मामा "ये गं आत" म्हणाला, तरी बकुळी उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिने दोन्ही हात वर केले.