वस्तादांनी पट्ट्याला लावलेलं तेल

जुने नामांकित पैलवान सर्जेराव वस्ताद गॅरेजात शिरले ते गरजतच. "मुबारक, परवाच गाडी दुरुस्त करून दिलीस आणि आज इंजिन किंचाळतंय! हे गॅरेज बंद करायला लावीन."

मुबारक मिस्त्रीने इंजिनाच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

"काल खंडेनवमीची पूजा कुणी केली?"

"मीच. पट्ट्यालाही चांगलं तेल चोळलं."

भर गिऱ्हाइकांत वस्तादांची चूक कशी दाखवावी? मुबारकने बोट फडक्याला पुसलं.

"वस्ताद, आखाड्यात उतरताना अंगाला तेल लावायचात?"

"वेडा का तू? माती लावायचो! तेलकट हातांनी पकड बसते होय?"

"मग या पट्ट्याने चाक कसं धरावं?"

नवा पट्टा बसेपर्यंत वस्ताद आपल्याच तळहातांकडे बघत बसले.