राजाचा दगड आणि मेलिताची चूल

फार जुनी गोष्ट आहे. ग्रीस देशात समुद्रकाठी एक नगर होतं आणि तिथे थ्रासोन नावाचा राजा राज्य करत होता. नगर एवढं लहान, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस दचकायचा. पण राजाचा रुबाब असा, जणू सूर्यसुद्धा त्यालाच विचारून उगवतो.

राजा वाईट नव्हता, बरं का. चोरांना त्याचा धाक होता आणि विहिरी स्वच्छ होत्या. त्याला एकच खोड होती. मनात काही आलं की तो त्याचा कायदा करायचा आणि दगडावर कोरून चौकात उभा करायचा. बकरी कुठे बांधावी, अंजिरं कधी तोडावीत, राजाचा रथ जाताना मान किती वाकवावी, सगळ्याचे दगड! चौकात चालायला जागा उरली नव्हती.

त्याच चौकात झाडाखाली पंधरा वडीलधारी मंडळी दिवसभर बसलेली असायची. ती बोलायची ती सगळी एकदम, एका सुरात. ग्रीक नाटकांत असाच एक घोळका असतो. तो सगळ्यांना सल्ला देतो आणि करत काहीच नाही. या मंडळींचंही तसंच होतं.

त्या देशात एक जुनी रीत होती. दारात परका माणूस आला की आधी त्याचे पाय धुवायचे, त्याला चुलीजवळ बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं. नावगाव विचारायचं ते जेवण झाल्यावर. पाहुण्यांचा राखणदार म्हणजे देवांचा राजा झ्यूस, अशी सर्वांची श्रद्धा होती. शिवाय कधीकधी देवच वेष पालटून दारात येतात म्हणे.

एकदा एक अंजीरविक्या तिथे आला. कुणाच्या तरी घरी जेवला, हात पुसले आणि म्हणाला, "जेवण झकास होतं. इथले राजे कोण हो?"

"थ्रासोन महाराज!"

"कोण थ्रासोन? नाही बुवा ऐकलं कधी."

हे राजाच्या कानावर गेलं आणि त्याला फार झोंबलं. दुसऱ्याच दिवशी फिलोन दवंडीवाल्याने दवंडी पिटली. "परक्याने आधी नाव सांगावं, बापाचं नाव सांगावं आणि थ्रासोन महाराजांचा जयजयकार करावा. तोवर त्याला भाकरी नाही, पाणी नाही, चुलीजवळ जागा नाही. जो हा कायदा मोडेल, त्याची चूल समुद्राच्या पाण्याने विझवली जाईल. मग तो परका कोणीही असो!"

ते शेवटचं वाक्य राजाने स्वतः घातलं होतं आणि त्याच्यावर तो भलताच खूश होता.

"महाराज, देवांना काय वाटेल?" वडीलधारी मंडळी एका सुरात म्हणाली.

"देवांनी देवळापुरतं बघावं. नगरात माझा शब्द चालतो," राजा म्हणाला.

बंदराजवळ मेलिता नावाची एक म्हातारी राहायची. तिला सगळे मावशी म्हणत. तिच्या हातच्या मसुराच्या आमटीला तोड नव्हती. तिच्या चुलीतला विस्तव तिच्या आजेसासूने माहेरहून मडक्यातून आणला होता. तेव्हापासून तो एकदाही विझला नव्हता. रोज रात्री निखारे राखेने झाकायचे, सकाळी फुंकून जागे करायचे. मेलिताचा नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं. त्या विस्तवाशीच ती बोलायची, रागवायची, हसायची. तेच तिचं माणूस होतं.

दवंडीनंतर चार दिवसांनी तिच्या दारात एक वाटसरू येऊन कोसळला. त्याला सडकून ताप होता. मेलिताने त्याचे पाय धुतले आणि त्याला आमटी पाजली. शेजाऱ्याने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मेलिता राजापुढे उभी राहिली.

"दवंडी ऐकली नव्हतीस?" राजाने विचारलं.

"ऐकली ना, महाराज. आमच्या फिलोनचा आवाज चांगला खणखणीत आहे."

"मग नाव का विचारलं नाहीस?"

"विचारून काय उपयोग? त्याचे दात वाजत होते. आमटी पोटात गेली, मग त्याने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, वर सासऱ्याचंही सांगितलं."

सगळे हसले. राजा तेवढा हसला नाही. त्याचे कान लाल झाले. "कायदा म्हणजे कायदा," तो म्हणाला. "परवा दुपारी तुझी चूल विझेल."

मेलिताच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "महाराज, मला कोंडा. वर्षभर राजवाड्याची भांडी घासायला लावा. पण चूल विझवू नका. दारातला भुकेला देवाने पाठवलेला असतो. त्याला हाकललं असतं, तर मला घास गोड लागला नसता."

"महाराज, विचार करा!" पंधरा जण म्हणाले.

"केला," राजा म्हणाला.

"मग ठीक!" पंधरा जण म्हणाले.

राजाला वाटलं, एवढ्या मोठ्या कायद्याला दगडही तसाच हवा. म्हणून तो स्वतः होडीने पलीकडच्या बेटावर गेला आणि त्याने तिथला सर्वांत मोठा संगमरवरी दगड निवडला. खलाशी चाचरत म्हणाले, "महाराज, दगड मोठा आहे, होडी लहान आहे."

"माझ्या होडीला माझा दगड जड होत नाही," राजा म्हणाला.

होडीला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी परतताना वारा सुटला आणि होडी दगडासकट तळाला गेली. खलाशी पट्टीचे पोहणारे, ते पोहत बेटावर परतले. राजा एका वल्ह्याला धरून तरंगत राहिला. हाका मारून मारून त्याचा घसा बसला. दुपारी लाटेने त्याला काठावर फेकलं तेव्हा अंगावर ना झगा होता ना मुकुट. दाढीत शेवाळ अडकलं होतं आणि खाऱ्या पाण्याने तोंड सुजलं होतं.

पहिल्या दारात गृहस्थ भाकरी मोडत बसला होता. "नाव सांग, बापाचं सांग, जयजयकार कर. मग घास," तो म्हणाला. राजाने तोंड उघडलं. आतून नुसती घरघर आली. गृहस्थाने हळहळत दार लावलं. दुसऱ्या दारात तेच, पाचव्या दारात तेच. सगळ्यांना कीव येत होती आणि सगळ्यांना आपापली चूल प्यारी होती.

उरलं एकच घर. ते कुणाचं, हे राजाला चांगलं माहीत होतं. तो शरमेने उंबऱ्याबाहेरच थांबला.

मेलिता डोळे पुसत आमटी ढवळत होती. विस्तवाची शेवटची आमटी म्हणून तिने सगळ्यांत मोठं भांडं चढवलं होतं. तिने वर पाहिलं. "ये बाबा, बैस. चूल अजून पेटलेली आहे."

तिने त्याचे पाय धुतले. त्याच्यापुढे आमटी आणि जवाची भाकरी ठेवली. काही विचारलं नाही. राजा खाऊ लागला आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी आमटीत पडू लागलं.

तेवढ्यात फिलोन दोन शिपाई घेऊन आला. शिपायांच्या हातात समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादल्या होत्या. मागे पंधरा वडीलधारी मंडळी होतीच. शिपायाने बादली उचलली. मेलिताने तोंड फिरवलं.

"थांबा!"

गरम आमटीने राजाचा घसा मोकळा झाला होता. फिलोन डोळे फाडून बघत राहिला. "आवाज तर महाराजांचा! पण महाराज, आता फारच अवघड झालं. मावशीने नाव न विचारता पुन्हा एकाला जेवू घातलं. आता चूल दोनदा विझवायची की काय?"

"मग तो परका कोणीही असो!" पंधरा जण एका सुरात म्हणाले.

'मी परका नाही, मी राजा आहे,' हे शब्द राजाच्या जिभेवर आले होते. तेवढं म्हटलं असतं तर कायदा टिकला असता, रुबाबही टिकला असता. पण त्याचे पाय अजून ओले होते. ते त्याच म्हातारीने धुतले होते. राजा उठला आणि त्याने शिपायाच्या हातातली बादली घेतली.

"पाणी तर ओतायलाच हवं," तो म्हणाला. "पण आग चुलीत नाही, इथे लागली होती." आणि त्याने ती बादली आपल्याच डोक्यावर ओतली.

"आम्ही हेच म्हणत होतो!" पंधरा जण म्हणाले.

राजाने मेलितापुढे मान वाकवली. किती, ते दगडावर बघायला तो गेला नाही. "मावशी, मी चुकलो. हा कायदा आजपासून रद्द."

मेलिताने त्याला कोरडं कापड दिलं आणि वाडगं पुन्हा भरलं. ते संपल्यावर ती म्हणाली, "जेवण झालं. आता रीतीप्रमाणे नाव सांग, बाबा."

"थ्रासोन."

"कोण थ्रासोन? नाही बुवा ऐकलं कधी."

सगळे हसले आणि या वेळी सगळ्यांत मोठ्याने हसला तो राजा.

पुढे चौकातले दगड आडवे झाले आणि वाटसरूंना बसायला त्यांचा लांबलचक ओटा झाला. राजाचा संगमरवर मात्र अजून समुद्राच्या तळाशी आहे. त्यावर एक खेकडा राहतो आणि तो कुणालाही नाव विचारत नाही.

तात्पर्य: गर्वापोटी केलेला कायदा दया-धर्माच्या आड आला, तर बदलायला हवा तो कायदाच, आणि आपली चूक चारचौघांत कबूल करणाऱ्याचा मान वाढतो.