बांधावरची एकदांडी

खुरप्यांना धारेबरोबर जीभही होती, तेव्हाची गोष्ट. हौसाबाई बांध खुरपत होती. पिवळ्या फुलाच्या एकदांडीपाशी येताच तिच्या हातातलं खुरपं गुरगुरलं, "चल गं फुकटे, तुझी पाळी!"

एकदांडी म्हणाली, "उपट की दादा. पण बाईचं बोट कापलंस, तर जखमेवर पाला कुणाचा पिळशील?"

"मी आणि चुकेन? बघच आता!" म्हणत खुरप्यानं ऐटीत उसळी मारली आणि ते थेट हौसाबाईच्या बोटावर उतरलं. बाईनं कळवळून एकदांडीचा पाला चुरगाळला, रस पिळला. रक्त थांबलं.

"हिला राहू दे बाई बांधावर," हौसाबाई स्वतःशीच पुटपुटली.

खुरपं तिला वळसा घालून पुढं सरकलं. एकदांडी मागून मायेनं म्हणाली, "दादा, धार लावत जा हो. तुझ्यावरच तर माझं दुकान चालतं!"